डब्याची मागची बाजू

शेंगांचे दिवस आले की माझं डोकं फिरतं. दसऱ्याच्या आगेमागे आमच्या सोलापुरात गल्लीच्या तोंडाशी हातगाड्या लागतात. ओल्या भुईमूगशेंगांचे ढीग, त्यांना चिकटलेली काळी माती, आणि एका बाजूला मिठाच्या पाण्यात रटरटणारं पातेलं. लोक थांबतात, एखादी शेंग फोडून तोंडात टाकतात आणि मग भाव पाडून मागतात. मी रस्ता बदलते. शेजारच्या बाई दरवर्षी न चुकता विचारतात, मॅडम, शेंगा नाही घेतल्या? आणि मी दरवर्षी न चुकता सांगते, पित्त होतं. पित्त होतं हे खरंच आहे, पण ते शेंगांनी नव्हे.

यंदा शेंगांबरोबर ओंकारही आला. ओंकार म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा नातू. पोलीस भरतीची तयारी करायला माझ्याकडे राहिलाय. पहाटे मैदानावर धावतो, दिवसा एका वर्कशॉपमध्ये राबतो आणि संध्याकाळी त्या हातातल्या फोनवर पावडरींचे भाव बघत बसतो. प्रोटीनची पावडर. छाती दोन बोटं कमी भरतेय म्हणे. एकदा मला दुकानात घेऊन गेला. घागरीएवढे काळे डबे, प्रत्येकावर उघडा माणूस, त्याच्या दंडावर आमच्या गल्लीतल्या पाण्याच्या पाइपाएवढ्या शिरा. किमती बघून मला घाम फुटला. त्यातल्या त्यात स्वस्तातली तरी कुठली घ्यायची, म्हणून पोरगं एकेक डबा उचलून उलटा करून वाचत होतं. मी म्हटलं, मागं काय बघतोस, नाव तर पुढं आहे. तो म्हणाला, “आजी, पुढं कंपनीला जे सांगायचंय ते असतंय. मागं जे हाय ते असतंय. पहिलं जे लिहिलंय ना, तेच आत सगळ्यात जास्त.”

मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. पान उलटा, मागचं वाचा, असं ओरडून ओरडून घसा बसवला. आणि हा मुलगा मला डबा उलटायला शिकवत होता. त्या क्षणी रागच आला. खरा राग यायचा होता तो नंतर.

तो काळ चौऱ्याहत्तरचा. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, पण माणसांच्या चेहऱ्यावरून अजून उतरला नव्हता. पाऊस बरा झालेला, शेंगा अमाप. अप्पा, म्हणजे माझे वडील, बाजार समितीत तोलार होते. दिवसभर शेंगांची पोती काट्यावर चढवायची आणि वजन पुकारायचं. संध्याकाळी घरी यायचे ते शेंगांच्या फोलपटांचा बारीक धुरळा अंगावर घेऊनच. त्यांच्या सदऱ्याला, मिशांना, धोतराच्या सोग्याला, सगळ्याला शेंगांचा वास. कुठलीही वस्तू हातात दिली की ते डोळे मिटून वजन सांगत, आणि ते छटाकभरही चुकत नसे. आम्हां बहिणींचा तो लहानपणचा खेळच होता. भोपळा द्या, पाटा द्या, देवळातला नारळ द्या.

त्या भाद्रपदात अक्का बाळंतपणाला माहेरी आली. सातवा लागलेला. दारात टांग्यातून उतरली तेव्हा मी तिला ओळखलं ते तिच्या इरकलीवरून. गालाची हाडं वर आलेली, नखं पांढरी फटक. दवाखान्यातल्या सिस्टरनं तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि अव्वाला, आमच्या आईला, विचारलं, सासरी हिला जेवायला घालत होते की नाही? अव्वाला ते झोंबलं. लेकीच्या सासरची अब्रू ती आपल्या पदराखाली झाकून वागवायची.

सिस्टर पद्मशाली, साळ्यांच्या घरातली, घरात तेलुगू बोलणारी; मराठी थांबत थांबत पण ठाम बोलायची. अंडी खायला घाला, म्हणाली. अव्वानं कानांवर हात ठेवले. आम्ही लिंगायत, गळ्यात लिंग; आमच्या घरात अंड्याचं नावही निघत नसे. मग सिस्टरनं कपाटातून खाकी कागदाची दोन पाकिटं काढून दिली, फुकट. शेंगदाण्याचं तेल काढून उरलेलं पीठ, भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ आणि थोडी दुधाची पावडर. रोज दोन मुठी दुधात शिजवून द्या, अंग धरेल, म्हणाली. दर पंधरवड्याला या, आणखी देते.

घरी येऊन अव्वानं पाकीट फोडलं, वास घेतला आणि तिचं तोंड वाकडं झालं. दुष्काळी कामांवर मजुरांना सुकडी वाटत, ती याच रंगाची होती. खडी फोडणाऱ्या बाया रांगेत उभ्या राहून पदरात घ्यायच्या ती. आम्ही काही सावकार नव्हतो, पण खडी फोडायला गेलो नव्हतो, आणि दुष्काळातून बाहेर पडताना अव्वानं तेवढी एकच गोष्ट शाबूत आणली होती.

“तेल काढल्यालं शेंगदाण्याचं पीठ म्हंजे पेंड की ती,” अव्वा म्हणाली. “पेंड म्हशीला घालत्यात. माझी लेक म्हस न्हाय.”

दोन्ही पाकिटं गल्लीतल्या गवळ्याच्या म्हशीच्या आंबोणात गेली. शिवाय शेंगदाणे गरम, पोटुशीला पित्त करतात, म्हणून अक्काच्या ताटातली शेंगाचटणीही बंद झाली. आमच्या घरात शेंगा कोपऱ्यात पडलेल्या असत, बापाच्या अंगाला शेंगांचा वास, साऱ्या शहरात शेंगांचा धुरळा, आणि जिला त्या हव्या होत्या तिच्या ताटात मिठाची चिमूट. आज हे लिहिताना माझे दात शिवशिवतात.

मग ठरलं की डबा आणायचा. मोठ्या घरांतल्या बाळंतिणी घेतात तसला, औषधाच्या दुकानातला. अप्पांनी दिवाळीचं धोतर रद्द केलं. मी तेव्हा अकरावीत, घरातली इंग्रजी वाचणारी एकटीच, म्हणून मला बरोबर नेलं. दुकानदारानं काउंटरवर तीन डबे मांडले. एक अगदी साधा, पांढरा, सगळ्यात महाग. एक मधला, ज्याच्या झाकणाला पोचा पडलेला. आणि एक पिवळाधमक, त्यावर गुटगुटीत बाळाला घेऊन हसणारी बाई. अप्पांनी तिन्ही हातात घेऊन वजन केलं आणि पहिल्याबद्दल म्हणाले, ह्यात पत्र्याचंच वजन लई. मग माझ्याकडे वळून विचारलं, काय लिहिलंय बघ गं, चांगला कुठला?

मी पिवळ्यावरची मोठी अक्षरं वाचली. ताकद. वाढ. आई आणि बाळ. मी म्हटलं, हा. दुकानदार हसून म्हणाला, पोरगी हुशार आहे. त्या कौतुकानं मी घरापर्यंत तरंगत गेले. त्या दुकानदाराचं तोंड मला अजून आठवतं, आणि आठवलं की हात शिवशिवतात.

डबा अव्वानं बाहेरच्या खोलीतल्या फळीवर ठेवला, येणाऱ्याला दिसेल असा. पहिले चार दिवस अक्काला सकाळी एक चमचा मिळाला. पाचव्या दिवशी दाजी आले.

दाजी म्हणजे अक्काचे यजमान. अक्कलकोटच्या बाजूला त्यांचं गाव, शेती आणि शेंगांची दलाली. हंगामात दर दोन-तीन दिवसांनी माल घेऊन सोलापुरात यायचे आणि उतरायचे सासुरवाडीला. बाजारापासून आमचं घर जवळ, लॉजचा खर्च वाचतो. जावई हा दहावा ग्रह म्हणतात, पण बाकीचे नऊ ग्रह निदान मुक्कामाला येत नाहीत. ते लोडाला टेकून बसले, त्यांची नजर फळीवर गेली.

“ह्ये काय हाय?” त्यांनी विचारलं.

अक्काचं औषध आहे, एवढं म्हणायला अव्वाची जीभ का रेटली नाही, हे मला आजपर्यंत समजलेलं नाही. ती म्हणाली, तुमच्यासाठीच आणलंय की. आणि उठून तिनं दुधात तीन चमचे घातले, वर वेलदोडा. दाजी प्यायले. अक्का दाराआड उभी होती. नवऱ्याच्या आधी तिनं ते घेतलं होतं हे कळू नये म्हणून सकाळचा तिचा पेला अव्वानं लगबगीनं विसळला, तेही मी पाहिलं.

तेव्हापासून तो पायंडाच पडला. घरात भारीतली गोष्ट आली की ती आधी जावयाला, हे अव्वाच्या रक्तात होतं. त्यात गवळी एके दिवशी सांगत आला की तुमचं पाकीट म्हशीला मानवलं, दूध घट्ट उतरतंय. ते घट्ट दूधही दाजींच्याच कपात. मग एकदा त्यांची आई आली, तिलाही डबा. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. इकडे अक्कासाठी अव्वा सांगायची, अर्धाच चमचा घाल, पावणे येतील. अक्काचा कप करायचं काम माझं होतं. अर्ध्या चमच्यानं दुधाचा रंगही बदलत नसे. अक्का कपाच्या तळाशी बोट फिरवून चाटायची. बावीस वर्षांची बाई.

मी अव्वाला एकदाच सुनावलं, म्हटलं, आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. अव्वानं माझ्या थोबाडीत दिली. तिला अशी भीती होती की जावई रुसला तर बाळंत झाल्यावर लेकीला न्यायला येणार नाही. माझ्या लेखी तो न आलेलाच बरा होता, पण सोळा वर्षांच्या मुलीच्या लेखी काय असतं ते कोण विचारतो?

मग मला अक्कल सुचली. आयुष्यात मला एवढी अक्कल पुन्हा कधी सुचली नाही.

पुढच्या खेपेला दवाखान्यात अक्काबरोबर मी गेले आणि सिस्टरनं दिलेली पाकिटं दप्तरात लपवली. अव्वा देवळात गेली तशी मी ती पेंड तव्यावर चांगली लालसर भाजली, रंग जुळेपर्यंत. त्यात गूळ कुटून घातला. फळीवरच्या डब्यातली खरी पावडर लोणच्याच्या रिकाम्या बरणीत काढली, बरणी ज्वारीच्या कणगीमागे दडवली आणि डब्यात भरली पेंड. झाकण घट्ट बसवलं. डब्यावरची बाई तशीच हसत होती.

त्या दिवशी दाजींना दूध मीच नेऊन दिलं. भीती होती, पण त्याहून मोठा आनंद होता. प्या, म्हटलं मनात, म्हशीचं खाणं प्या. दाजींनी एक घोट घेतला, थांबले, कपात बघितलं. मग त्यांनी मिशा पुसल्या.

“दाट हाय,” ते म्हणाले. “असलं पायजे.”

मी आत पळाले आणि तोंडात ओढणी कोंबून हसले. संध्याकाळी बरणीतले दोन भरगच्च चमचे दुधात घालून अक्काला दिले आणि कानात सगळं सांगितलं. ती आधी घाबरली. मग तिनं घोट घेतला, आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला.

“गोड हाय गं,” ती म्हणाली.

दिवाळीपर्यंत हेच चाललं. डबा दाजींचा, बरणी अक्काची. अप्पांनी दुसरा डबा आणला, त्याचंही मी तेच केलं. दीड महिना मी त्या माणसाला मनोभावे पेंड चारली, आणि तो मिटक्या मारत राहिला. त्याची आईही आली की मागून घ्यायची. तिच्या गुडघ्यांना बरं वाटतंय म्हणे. मी मनात म्हणायची, वाटणारच.

कार्तिकात अक्का बाळंत झाली. मुलगा. मांजराच्या पिलाएवढा, सुरकुतलेला, रडण्याचंही त्राण नसलेला. त्याला कापसात ठेवला होता. अप्पा बाजारातून तसेच आले, हात धुतले, आणि सिस्टरनं बाळ त्यांच्या दोन्ही तळव्यांवर ठेवलं. आयुष्यभर जे हातात येईल त्याचं वजन सांगणारा माणूस. त्यांनी सवयीनं डोळे मिटले. मग उघडले, बाळ परत दिलं आणि बाहेर जाऊन बसले.

पोर जगलं. कसं जगलं ते दवाखान्यालाही कळलं नाही. अक्काला दूधही धड नव्हतं. पण तिनं स्वतःपुरता निकाल लावून टाकला होता. तू दिलंस म्हणून हा जगला, ती मला म्हणाली. हा मल्लू बसायला लागला तेव्हा म्हणाली, चालायला लागला तेव्हा म्हणाली, त्याचं लग्न झालं तेव्हा मांडवात चार बायकांना सांगितलं. बारशाला दाजी आले होते ते सदऱ्याच्या गुंड्या ताणलेले, गालांवर तुकतुकी. अव्वा खुशीत होती, जावई सुधारले म्हणून. मला ते बघून किळस आली. खाऊन खाऊन पेंडच खाल्लीस, असं म्हणून मी समाधान मानलं.

अक्का कधीच सुधारली नाही. पाठोपाठची आणखी दोन बाळंतपणं, शेत, सासू. चाळिशीत पाठ वाकली, पन्नाशीत हाडं साध्या ठेचेनं मोडायला लागली. साठी तिनं पाहिलीच नाही. शेवटच्या आजारात माझा हात धरून सुनेला म्हणाली, “हिनं मला जगिवलं हुतं.” मी नाही म्हटलं नाही. कशाला म्हणू? पस्तीस वर्षं मी त्या एका गोष्टीवर ताठ मानेनं जगत आले होते. कुणी मला तुसडी म्हटलं, कुणी खडूस म्हटलं, मी मनात म्हणायची, माझ्या रागानं एक बाई वाचवलीय.

तो पिवळा डबा माझ्याकडे आहे. अव्वानं त्यात आधी हिंग ठेवला, मग शेंगाचटणी, आणि अव्वा गेल्यावर तो मी उचलून आणला. ओल्या शेंगांचा वास मला सोसत नाही, पण चटणीवाचून सोलापुरात भाकरी गिळत नाही. चित्र पत्र्यावरच छापलेलं, त्यामुळे ती बाई अजून हसतेय, फक्त बाळाचं तोंड गंजलंय.

गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी ओंकार जेवायला बसला होता. भाकरीबरोबर चटणी घ्यायला त्यानं डबा ओढला, आणि आता हाताला सवयच लागलेली, घास चावता चावता तो उलटा फिरवला. चटणीनं तेलकट झालेला पत्रा अंगठ्यानं पुसून बारीक इंग्रजी अक्षरं वाचायला लागला.

“आजी,” तो म्हणाला, “ह्यात तर पहिली साखरच हाय की. मग माल्ट, मग कोको. प्रोटीन कुटं हाय ह्यात?”

मी चष्मा लावला. त्यानं बोट ठेवून दाखवलं. साखर. पन्नास वर्षं ती अक्षरं आमच्या स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभी होती.

मला समजतं, माणसाचं आयुष्य एका डब्यावर ठरत नसतं. अक्काची हाडं कशानं झिजली याला शंभर कारणं आहेत आणि त्यातली नव्वद तिच्या सासरी आहेत. पण समजून काही उपयोग होत नाही. सिस्टरची पाकिटं खरी होती. अव्वानं ती म्हशीला घातली, तो अडाणीपणा. मी ती आणून, लपवून, निगुतीनं भाजून, गूळ घालून शत्रूला पाजली, आणि माझ्या बहिणीला चमच्याचमच्यानं साखर दिली. अव्वाला निदान वाचता येत नव्हतं.

दाजी अजून ठणठणीत आहेत. चौऱ्याऐंशी वर्षांचे. गावाहून दर हंगामाला मल्लूच्या हाती शेंगांचं पोतं पाठवतात. ओंकार कौतुकानं सांगत असतो की आजोबा अजून दातानं शेंगा फोडतात. यंदाचं पोतं आलं, दारात पडून होतं, मी त्याला हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी ते उसवलं. शेंगा फोडल्या, दाणे उन्हात खडखडीत वाळवले. चौथ्या दिवशी तव्यावर भाजून साल पाखडलं. फुटाणे आणून दोन्ही कुटले. हात विसरलेले नव्हते. कुठल्या रंगावर तवा उतरायचा ते त्यांना बरोबर आठवत होतं. ओंकार मैदानावरून घामाघूम होऊन आला तेव्हा मी त्याला सांगितलं, त्या काळ्या डब्यांच्या नादी लागू नकोस, ऐपत नसताना तर मुळीच नको. त्याचा विश्वास बसेना. असल्या घरच्या पिठानं छाती भरते का, असं त्यानं विचारलं.

“तुझ्या आजोबांकडं बघ,” मी म्हटलं.

तो हसला. मी दूध उकळलं, दोन मुठी पीठ टाकलं आणि ढवळत राहिले. कप त्याच्या हातात दिला. त्यानं एक घोट घेतला, थांबला, कपात बघितलं.

“दाट हाय,” तो म्हणाला.

मी तोंड फिरवून ओट्याकडे वळले. दाजी म्हणायचे, दाट हाय. अक्का म्हणायची, गोड हाय. दोघंही मला दर वेळी खरंच सांगत होते.